स्लायसर, काकू आणि माझा अंगठा

तुम्ही कधी स्वतःच्या अंगठ्याची किंमत काढलीये? मी काढलीये. एका बाजूला 150 रुपयांचा स्लायसर आणि त्यावर वाचवायला गेलेला, फार तर रुपयाभराचा कच्च्या केळ्याचा तुकडा. दुसऱ्या बाजूला धनुर्वाताचं इंजेक्शन, ड्रेसिंगच्या दोन चकरा आणि ऑफिसमधली अख्ख्या सोमवारची इज्जत. हिशोब काही केल्या जुळत नाही. आणि मी बँकेत आहे हो!

तर झालं असं. गेल्या जूनमध्ये माझी रत्नागिरीला बदली झाली. पुण्यातल्या समस्त मित्रमंडळींनी एकच प्रश्न विचारला, ‘आंबे कधी पाठवतोस?’ जून म्हणजे आंबा संपायची वेळ, हे त्यांना कोण सांगणार? पण मी जेवणार काय, हा प्रश्न कुणालाच पडला नाही. खरं सांगायचं तर मलाही नाही. मारुती मंदिरापासून चालत जाता येईल असा एक वरचा मजला मिळाला, खाली मालकीणबाई म्हणजे काकू, मागे परसात केळी आणि एक उंचच उंच नीरफणस. पहिला महिना खानावळीत मजेत गेला. मग पाऊस सुरू झाला. रत्नागिरीचा पाऊस म्हणजे पुण्यातल्यासारखा ‘आला आणि गेला’ प्रकार नाही, तो मुक्कामालाच येतो. रात्री आठला छत्री उलटी होत असताना खानावळीपर्यंत जायचा उत्साह चौथ्या दिवशी संपला आणि मी किचनमध्ये शिरलो.

भात कुकरमध्ये होतो. वरणही होतं. पोळ्या विकत मिळतात. लोचा होता तो भाजीचा. म्हणजे भाजी करण्याचा नाही, चिरण्याचा! पाव किलो कोबी चिरायला मला पस्तीस मिनिटं लागायची, आणि ताटात जे पडायचं त्याला कोबी म्हणण्यापेक्षा कोबीचा अपघात म्हणणं बरं. एक तुकडा बोटाएवढा, एक नखाएवढा. मोठा कच्चा, छोटा करपलेला. साडेसातला घरी येणाऱ्या माणसाने पस्तीस मिनिटं नुसती चिरण्यात घालवली, तर तो जेवणार कधी आणि मॅच बघणार कधी?

मग एका शनिवारी राम आळीत भांड्यांच्या दुकानात मला तो दिसला. हिरवं प्लॅस्टिक, मध्ये तिरकं पातं, खाली हात अडकवायला दांडी. दुकानदार त्याला ‘चिप्सची किसणी’ म्हणाला, खोक्यावर ‘स्लायसर’ लिहिलं होतं. फ्रेंच शेफमंडळी ह्याच जातीच्या वस्तूला मँडोलिन म्हणतात. वाजवायच्या मँडोलिनवर जसा मनगटातून हात खालीवर हलतो तसाच इथेही हलतो, म्हणून हे नाव पडलं असं सांगतात. त्यांची मँडोलिन स्टीलची, जड, पायावर उभी राहणारी आणि बरीच महागडी. पण गंमत म्हणजे भल्याभल्या हॉटेलांच्या किचनमध्ये आज जपानचा ‘बेनरिनर’ नावाचा साधा प्लॅस्टिकचा स्लायसर वापरतात. म्हणजे प्लॅस्टिकचा आहे म्हणून नाक मुरडायचं कारण नाही. माझा अर्थातच त्याचा फार लांबचा, गरीब नातेवाईक. 150 रुपये. घासाघीस करून 140 होतील असं वाटलं होतं, पण दुकानदार जागचा हलला नाही.

पुढचे दोन महिने म्हणजे आमचा हनिमूनच म्हणा ना! कोबीचे चार भाग करायचे, सपाट बाजू पात्यावर ठेवायची आणि सर्र सर्र. पाव किलो कोबी चार मिनिटांत. तोही इतका बारीक की मोहरी तडतडल्यावर टाकला की झाकण न ठेवता पाच मिनिटांत भाजी तयार. काकडीच्या पारदर्शक चकत्या, त्यावर मीठ, लिंबू, दाण्याचं कूट. कांद्याचे उभे काप एकाच जाडीचे, त्यामुळे तळताना सगळे एकदमच तांबूस होतात, एक काळा आणि एक पांढरा असं होत नाही. बिर्याणीवरचा कांदा घरी जमत नाही अशी ज्यांची तक्रार आहे त्यांनी हे लक्षात घ्या. चूक तेलाची नसते, जाडीची असते.

आणि ह्या वस्तूचा सगळा फंडाच जाडीचा आहे. नीट बघितलंत तर स्लायसरला दोन पट्ट्या असतात. अलीकडची, जिच्यावरून भाजी सरकत येते, आणि पात्यापलीकडची. पलीकडची किंचित वर असते. ह्या दोन पातळ्यांमध्ये जेवढा फरक तेवढी तुमची चकती जाड. महागड्या मँडोलिनमध्ये स्क्रू फिरवून हा फरक कमी-जास्त करता येतो. आपल्या स्वस्तातल्यात तो कायमचा ठरलेला, बहुतेकदा दीड-दोन मिलिमीटर. वेफर्सला, कोशिंबिरीला हे झक्कास. पण नीरफणसाचे किंवा सुरणाचे काप करायचे असतील तर विसरा. कापाला चांगली अर्धा सेंटिमीटर जाडी लागते, नाहीतर तव्यावर त्यांचे पापड होतात. मी केले होते. काकूंनी एक तुकडा तोंडात टाकला आणि म्हणाल्या, ‘वेफर चांगला झालाय रे, काप कधी करणार?’

दुकानात घेताना काय बघायचं हेही जाता जाता सांगून टाकतो. पातं सरळ आडवं असेल तर टोमॅटो चेचला जातो. तिरकं किंवा इंग्रजी व्ही आकाराचं असेल तर बरं, कारण धार भाजीला एकदम पूर्ण रुंदीने न भिडता थोडी थोडी करून भिडते. विळीवर किंवा सुरीने आपण काकडी दाबत नाही, सरकवतो ना? तेच. दुसरं, दोन्ही हातांत धरून स्लायसर जरासा पिळून बघा. वाकला तर ठेवून द्या, कारण अर्ध्या बटाट्यावर तो वाकला की बटाटा अडकतो आणि मग आपण जोर लावतो. आणि तिसरं, खोक्यात एक टोपीसारखा प्लॅस्टिकचा तुकडा असतो, खाली बारीक खिळे असलेला. तो आहे की नाही ते बघा. त्याला हँडगार्ड म्हणतात.

हँडगार्ड मी खोक्यासकट कचऱ्यात टाकला होता.

का टाकला? कारण तो फालतू दिसत होता. दुकानात कुणी त्याबद्दल बोललं नाही, खोक्यावर चित्र होतं त्यात एक हसऱ्या बाई उघड्या हाताने गाजर किसत होत्या, आणि मला वाटलं हे लहान मुलांसाठी असेल. शिवाय तो लावला की भाजीवर पकड बसत नाही, स्पीड जातो. दोन महिने काही झालं नाही म्हणजे काहीच होत नाही, असं माझं पक्कं लॉजिक. ऑफिसमध्ये कुणी पासवर्ड मॉनिटरला चिकटवून ठेवला तर मी लेक्चर देतो, पण इथे मात्र सगळं माफ!

नोव्हेंबरातला रविवार. काकूंनी परसातली कच्ची केळी दिली होती, अख्खी एक फणी. संध्याकाळी मॅच, दोन मित्र येणार, म्हणून वेफर्सचा घाट घातला. केळी सोलायच्या आधी हाताला तेल लावायचं असतं, नाहीतर चीक लागून बोटं काळी होतात. तेवढं काकूंनी बजावून सांगितलं होतं आणि तेवढं मी केलं. आता विचार करा. तेलकट हात, बुळबुळीत केळं, गॅसवर तापलेलं तेल, आणि डोक्यात तो सीन. वेफर्सच्या दुकानात बाहेर उभे राहून आपण सगळ्यांनी बघितलेला. कारागीर कढईवरच किसणी आडवी धरतो आणि चकत्या थेट तेलात पडतात, पत्ते पिसल्यासारख्या. मलाही तसंच करायचं होतं. सुदैवाने कढईच्या वाफेने पहिल्याच सेकंदाला हात मागे घेतला आणि मी ओट्यावर ताटात किसायला बसलो. त्या वाफेचे माझ्यावर उपकार आहेत. तेलावर हात असताना झालं असतं तर हा कॉलम कुणी दुसऱ्यानेच लिहिला असता.

पहिली पाच केळी मस्त. सहाव्याचा शेवटचा तुकडा राहिला, इंचभर असेल. टाकवेना. रत्नागिरीत सहा महिने राहिलं की असा गुण लागतोच. इथे फणसाची आठळीसुद्धा वाया जात नाही, आणि मी केळं टाकू? अंगठ्याने दाबून एकदा सरकवला. गेला. दुसऱ्यांदा सरकवला. आवाज तोच आला, सर्र.

दुखलं नाही. हे सगळ्यात विचित्र. आधी ताटातल्या पांढऱ्या चकत्यांवर लाल थेंब दिसले, मग कळलं की ते माझे आहेत. उजव्या अंगठ्याच्या पेराची, बरोबर मधली, चवलीएवढी चकती गेली होती. जाडी, अर्थातच, दीड मिलिमीटर. फॅक्टरी सेटिंग!

मी जिन्यावरून खाली. काकूंनी बघितलं, एक शब्द न बोलता स्वच्छ धुतलेला पंचा अंगठ्याभोवती गुंडाळला, माझा हात डोक्याच्या वर धरायला लावला आणि खुर्चीत बसवलं. मी दर अर्ध्या मिनिटाला पंचा उघडून बघायला जायचो आणि काकू हातावर चापट मारायच्या. ‘दहा मिनिटं सोडायचं नाही. बघितलंस की परत सुरू होतं.’ डॉक्टरांनी नंतर हेच सांगितलं. बोटाच्या टोकाला बारीक रक्तवाहिन्यांचं जाळं असतं, त्यामुळे जखम छोटी असली तरी रक्त खूप येतं आणि माणूस घाबरतो. करायचं एवढंच, सलग दाबून धरायचं, हात उंच ठेवायचा आणि मध्ये डोकावायचं नाही. मी घरून फोनवर आईला विचारलं तर ती म्हणाली हळद भर. काकू नको म्हणाल्या, आणि डॉक्टरही म्हणाले बरं झालं नाही भरलीत, नाहीतर ती धुऊन काढण्यात आणखी दुखलं असतं. इंजेक्शन, ड्रेसिंग, पाच दिवसांच्या गोळ्या. बाहेर पडताना कंपाउंडरने विचारलं, ‘किसणी का?’ मी विचारलं, कसं कळलं? म्हणाला, ‘विळीचं कापलेलं उभं असतं. गोल चकती गेली की किसणी.’

त्या रात्री काकूंनी मला विळी दाखवली. म्हणजे रोज बघतच होतो, पण त्या दिवशी नीट बघितली. खाली पाट, त्यावर उभं वळलेलं पातं, टोकाला खोबरं खवायची खवणी. काकू एक पाय दुमडून पाटावर दाबून बसतात आणि दोन्ही हातांनी भाजी पात्यावर ढकलतात. मी म्हटलं, काकू, ही पण मँडोलिनच की! सुरीत भाजी स्थिर आणि धार फिरते. विळीत धार स्थिर आणि भाजी फिरते. स्लायसरमध्येही तेच. मग तुम्हाला चाळीस वर्षांत असं का नाही झालं?

‘कोण म्हणतो नाही झालं?’ त्यांनी डावा अंगठा पुढे केला. पेरावर आडव्या बारीक रेघाच रेघा, कातडं जाड झालेलं. ‘पण विळीची धार दिसते रे. ती माझ्याकडे बघत असते, मी तिच्याकडे. तुझ्या त्या किसणीत धार भाजीच्या खाली. शेवटी भाजी संपते आणि तुला कळतच नाही.’

एवढं नेमकं मला खोक्यावर कुणी लिहिलेलं दिसलं नव्हतं.

आता सोमवार. आमच्या शाखेत सिस्टिमला लॉगइन करायचं तर पासवर्डबरोबर बोटाचा ठसा लागतो. दोन्ही हातांची बोटं नोंदवून ठेवा असा मेल आला होता. मी फक्त उजवा अंगठा नोंदवला होता, बाकीचं ‘नंतर बघू’. सकाळी दहा वाजता उजव्या अंगठ्याला पांढरा बोळा. मशीनवर मी काय ठेवणार, कपाळ? दुसरं बोट नोंदवायला वरून परवानगी, त्याला फॉर्म, फॉर्मवर सही, सही उजव्या हाताने. साहेबांनी विचारलं काय झालं. ‘केळं’ म्हणालो. पुढे दोन दिवस सगळी शाखा मला ‘वेफर’ म्हणत होती.

पण हसण्यावारी नेण्यासारखं नव्हतं ते पुढचं. नोव्हेंबर म्हणजे बँकेत पेन्शनरांचा महिना. हयातीचा दाखला द्यायचा असतो. 2014 पासून ‘जीवन प्रमाण’मध्ये आधारला जोडलेल्या ठशावर तो घरबसल्या किंवा बँकेतही देता येतो. आणि दर वर्षी काही आज्या असतात ज्यांचा ठसा मशीनला उमटतच नाही. कुणी आयुष्यभर मासळी साफ केलेली, कुणी शेतात, कुणी काजूच्या कारखान्यात. काजूच्या टरफलात जे तेल असतं ते कातडी जाळतं, वर्षानुवर्षं बिया सोलणाऱ्या बायकांच्या बोटांवरच्या रेषा पुसट होतात. आम्ही काउंटरवरून काय म्हणतो? ‘आजी, अंगठा पुसा. पदराला पुसा. परत ठेवा. जोरात दाबा.’ तीनदा, चारदा, सहादा. मागे रांग, आजी ओशाळलेल्या. त्यांना वाटतं आपलंच काहीतरी चुकतंय.

त्या सोमवारी लॉगइन नाही म्हणून मला काउंटरऐवजी बाहेर टेबलावर बसवलं होतं. समोर एक आजी आल्या. नवरा पोस्टात होता, तो गेल्यावर कुटुंब पेन्शन. शेजारच्या मशीनवर सहा वेळा प्रयत्न करून झाले होते. माझ्या बोळ्याकडे बघून म्हणाल्या, ‘तुमचापण नाय चालत?’ म्हटलं, नाही चालत. त्या हसल्या. इतका वेळ त्या तिथे बसून घाबरलेल्या होत्या हे मला त्यांचं हसू बघून कळलं.

नोव्हेंबर 2021 पासून हाच दाखला मोबाइलवर चेहरा दाखवूनही देता येतो. मला ते माहीत होतं. माझ्या स्वतःच्या फोनवर त्याचं अ‍ॅपसुद्धा होतं. पण ते उघडा, माहिती भरा, आजींना उजेडात बसवा, डोळे मिटू-उघडू द्या, ह्याला दहा मिनिटं लागतात आणि ‘जोरात दाबा’ म्हणायला दोन सेकंद. म्हणून मी आधीच्या वर्षी पुण्यात आणि त्या नोव्हेंबरात इथेही दोन सेकंदवालंच करत होतो. त्या दिवशी माझ्याकडे वेळच वेळ होता. दाखला झाला. संध्याकाळपर्यंत तसे अकरा झाले. डाव्या हाताने टाइप करत, म्हणून जरा जास्तच वेळ लागला.

अंगठा बरा व्हायला तीन आठवडे गेले. ठसा फार खोल जखम नसेल तर पुन्हा तसाच्या तसा उगवतो, रेषा आतल्या थरात छापलेल्या असतात, असं डॉक्टर म्हणाले. माझा उगवला, पण मध्ये एक बारीक खळगी राहिलीये. मशीन तीनात एकदा नाही म्हणतं. तर्जनी आता नोंदवलेली आहे, दोन्ही हातांची.

स्लायसरचं काय केलं? टाकला असेल असं वाटलं ना? छे! दुसऱ्या दिवशी हँडगार्ड शोधायला गेलो तर तो सुटा मिळत नाही, म्हणून गार्डसकट नवा आणला. जुनं खोकं फेकू नका रे, एवढंच सांगतो. गार्ड लावल्यावर वेग कमी होतो हे खरं. कोबी चार मिनिटांऐवजी सहा मिनिटांत होतो. मोठ्या भाजीला सुरुवातीला हात चालतो, निम्मी झाली की गार्ड. आणि गार्डच्या खिळ्यांत जो शेवटचा तुकडा अडकून राहतो तो किसायचाच नाही. तो एका डब्यात टाकायचा. बटाट्याची, गाजराची, कोबीच्या देठाची अशी शेंडकं आठवडाभरात चांगली वाटीभर जमतात, शनिवारी आमटीत जातात. म्हणजे टाकायचं काहीच नाही. माझ्या कोकणी झालेल्या मनाचीही समजूत निघाली. कापण्यापासून वाचवणारे विणलेले हातमोजेही मिळतात, एका मित्राने आणलेत. स्लायसरपेक्षा ते महाग पडले म्हणून तो अजून कुरकुरतोय.

धुताना मात्र एक काळजी घ्या. साबणाच्या फेसात, सिंकमधल्या भांड्यांत स्लायसर बुडवून ठेवायचा नाही. नंतर तुम्ही चमचा शोधायला हात घालता आणि चमच्याऐवजी पातं सापडतं. नळाखाली, पात्याच्या मागच्या बाजूने ब्रशने घासायचा, लगेच पुसायचा. इथल्या खाऱ्या हवेत ‘स्टेनलेस’ हा शब्द फारसा टिकत नाही. पावसाळ्यात माझ्या स्लायसरचे दोन्ही स्क्रू तांबूस झाले. आता कापडाच्या चिंधीने खोबरेल तेलाचा हात फिरवून, पात्याची बाजू भिंतीकडे करून, खिळ्याला टांगतो. ही युक्ती काकूंची, विळीला त्या असंच करतात.

फेब्रुवारीत काकूंनी हाक मारली. पाच किलो बटाटे आणले होते. दर वर्षी त्या उन्हात वाळवून वर्षाचे वेफर्स करतात, पण गेल्या दोन वर्षांपासून मनगट दुखतं म्हणून बंद होतं. मुलगा मुंबईला, तो पाकिटातले खातो. ‘तुझी ती किसणी आण,’ म्हणाल्या. मी आणली, गार्डसकट. सकाळी सातला सुरुवात. मी किसतोय, चकत्या थेट पाण्याच्या पातेल्यात. पाणी तीनदा बदललं, पिठूळपणा जाऊन ते नितळ होईपर्यंत. पिष्ट धुऊन गेलं नाही तर वेफर्स एकमेकांना चिकटतात आणि तळताना लाल होतात. बटाटे कोल्ड स्टोरेजमधले असले तरी लाल होतात, कारण थंडीत त्यांच्यातल्या पिष्टाची साखर होते. म्हणून काकू आधी एक चकती तळून बघतात आणि मगच पाच किलोला हात घालतात. मग उकळत्या पाण्यात मीठ, चिमूटभर तुरटी, चकत्या तीन-चार मिनिटं, पारदर्शक व्हायला लागल्या की बाहेर. मऊ होऊ द्यायच्या नाहीत. गच्चीवर स्वच्छ कापड, एकेक चकती सुटी. दोन दिवस कडक ऊन. एप्रिल-मेमध्ये इथली हवा दमट होते, ते नीट कडकडीत वाळत नाहीत, म्हणून फेब्रुवारीतच उरकायचं. संध्याकाळी कावळ्यांच्या आणि दवाच्या आधी गोळा.

पाच किलोंचे वाळल्यावर जेमतेम एक किलो भरले. बटाट्यात ऐंशी टक्के पाणीच असतं, हे पुस्तकात वाचणं वेगळं आणि गच्चीवर उडून जाताना बघणं वेगळं.

अर्धे डबे मुंबईला गेले, एक मला मिळाला. मग मीही जरा फुशारून राम आळीतून काकूंसाठी तसाच नवा स्लायसर आणला, खोकं न उघडता, हँडगार्ड आत आहे ना ते हलवून बघून. चार दिवसांनी खाली गेलो तर स्लायसर त्यांच्या ओट्यावर रुबाबात टांगलेला. आणि हँडगार्ड? बेसिनवर उलटा ठेवलेला, त्या खिळ्यांवर साबणाची वडी.

‘काकू!’ मी ओरडलोच.

‘अरे, साबण छान सुकतो त्याच्यावर,’ काकू म्हणाल्या. ‘शेवटचा तुकडा मी विळीवर करते. तू तुझा गार्ड लाव हो.’